चीर पडली ते बरं झालं

डेपोत त्याला सगळे सायलेन्सर म्हणायचे. एक तर तो बोलायचा कमी, आणि दुसरं म्हणजे एवढी मोठी बस गर्दीतून काढतानाही हॉर्नला हात लावायचा नाही. पुढे कोणी आडवं आलं की थांबायचा, वाट बघायचा, माणूस बाजूला झाला की निघायचा. त्यामुळे त्याची बस कायम उशिरा. कंट्रोलर कपाळाला हात लावून म्हणायचा, "अरे, गाडीला हॉर्न काय शोभेला बसवलाय?" त्यावर याचं उत्तर ठरलेलं. "साहेब, लोकांना डोळे आहेत."

आवाजाशी त्याचं वाकडं होतं ते शाळेपासूनचं. गाण्याच्या तासाला मास्तरांनी त्याला शेवटच्या रांगेत उभं केलं होतं आणि हळूच सांगितलं होतं, "तू नुसतं तोंड हलव." पोराने ते जे मनावर घेतलं ते घेतलंच. लग्न झालं, संसार झाला, केस पिकायला लागले, पण न्हाणीघरातसुद्धा तो कधी गुणगुणला नाही. त्याची बायको घराखालीच इस्त्रीचं दुकान चालवायची आणि दिवसभर गात असायची. हा कामावरून आला की दुकानातल्या बाकावर बसून ऐकायचा. तेवढाच त्याचा आणि संगीताचा संबंध.

अशा माणसाच्या हातात क्लॅरिनेट आली.

त्याच्या बसला एक बाई यायच्या. शहराच्या बँडमध्ये त्या क्लॅरिनेट वाजवायच्या आणि एका संगीतशाळेत शिकवायच्याही. अर्ध्या शहराने त्यांच्याकडे धडे घेतलेले, म्हणून त्या सगळ्यांच्याच बाई. लग्न केलेलं नव्हतं, राहायला एकट्या. बसायच्या ड्रायव्हरच्या बरोबर मागच्या सीटवर, मांडीवर काळी पेटी, आणि पेटीवर दोन्ही हात असे ठेवलेले की जणू आत तान्हं मूल झोपलंय. थंडीच्या दिवसांत म्हणायच्या, "अहो ड्रायव्हर, ती खिडकी जरा लावा. मला काही होत नाही, पण हिला गारठा सोसत नाही." हा काही न बोलता खिडकी लावायचा. अशी वर्षं गेली.

मग एका उन्हाळ्यात बाई पेटीशिवाय यायला लागल्या. हात नुसतेच मांडीवर. आरशातून त्याला दिसायचं की उजवा हात थरथरतोय आणि डाव्या हाताने त्यांनी तो धरून ठेवलाय. बरेच दिवस त्याने बघितलं. शेवटी एकदा शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली, बाई सावकाश उतरायला निघाल्या, तेव्हा त्याने विचारलं, "बाई, पेटी कुठंय?"

बाई थांबल्या. या माणसाला आवाज आहे हेच त्यांना नवीन होतं.

"पेटी घरी. हात ऐकत नाही आता."

"मग तिचं काय?"

"तेच कळत नाहीये. लाकूड आहे ते. नुसतं ठेवलं की सुकतं. रोज कोणीतरी फुंकायला हवं." त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही घेता का?"

त्याला वाटलं, थट्टा करतायत. तो म्हणाला, "मी बेसूर आहे, बाई."

"कोण म्हणालं?"

"शाळेतले मास्तर."

"कुठे असतात ते?"

"आता काय, गेले असतील."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे शिकून गेलेले पुष्कळ आहेत, पण सगळे घाईत. वाट बघता येणारा माणूस या शहरात मला एकच माहीत आहे, आणि त्याच्या बसमुळे मला रोज उशीर होतो."

तो शिकायला लागला. सुरुवातीचे महिने कसे गेले ते त्याचं त्याला आणि शेजाऱ्यांना माहीत. नवशिक्याच्या हातात क्लॅरिनेट किंचाळते, आणि ही तर मनापासून किंचाळायची. समोरच्या दुकानदाराने इस्त्रीवालीला विचारलं, "वहिनी, घरात बदक पाळलंय का?" ती कपड्यावर पाणी शिंपडत म्हणाली, "हो. अंडी द्यायला लागलं की पाठवते तुमच्याकडे."

पण बाईंना शिकवण्याची हातोटी होती आणि याच्याकडे चिकाटी. त्या त्याला एकच सूर लांबवायला लावायच्या, आणि हा तो सूर ट्रॅफिकमध्ये अडकल्यासारखा शांतपणे धरून बसायचा. हळूहळू सुराला गोलाई आली. डेपोत बातमी पसरली की सायलेन्सर वाजायला लागला. पुढे बाईंच्याच शब्दावर शहराच्या बँडमध्ये त्याला शेवटच्या रांगेत जागा मिळाली. शेजारी एक दातांची डॉक्टर बसायची, तीही क्लॅरिनेटवालीच. शेवटची रांग त्याला ओळखीची होती. फरक एवढाच की आता तोंड नुसतं हलवायचं नव्हतं.

सूर शिकवले त्याहून जास्त बाईंनी त्याला क्लॅरिनेटची निगा शिकवली. शेगडीजवळ ठेवायची नाही. उन्हात नाही, खिडकीत नाही. बाहेरून आणली की लगेच फुंकायची नाही, आधी खोलीच्या हवेला सरावू द्यायची. हाताने चोळून ऊब द्यायची. वाजवून झालं की आतून कोरडी पुसायची. हवा फार सुकी असेल तर पेटीत संत्र्याची साल ठेवायची. आणि थंडीत उघड्यावर कधीही, कोणी कितीही गळ घातली तरी, वाजवायची नाही. आतून श्वासाची ऊब, बाहेरून गारठा, आणि मध्ये बिचारं लाकूड. ते तडकतं. बँडमधल्या बऱ्याच जणांच्या वाद्यांना चिरा होत्या, पण बाईंच्या क्लॅरिनेटला ओरखडासुद्धा नव्हता. ही गोष्ट त्या ज्या अभिमानाने सांगायच्या, त्या अभिमानाने लोक मुलांच्या परीक्षेचे निकाल सांगतात.

तो हे सगळं पाळायचा. बाईंपेक्षा जास्तच पाळायचा, कारण वस्तू दुसऱ्याची.

आणि तरीही चीर पडली.

सुट्टीचा दिवस होता. बाहेर स्वच्छ, कोरडी, हाडं गोठवणारी थंडी. त्याने क्लॅरिनेट बाहेर काढली, मांडीवर ठेवली, हातांनी ऊब दिली, चहा पिऊन होईपर्यंत थांबला. मग तोंड धुतलं आणि एक लांब सूर धरला. तेवढ्यात टक् असा आवाज झाला. बोट मोडल्यासारखा, बारीकसा. त्याने सूर धरूनच ठेवला होता, पण सुराच्या आतून हवा निसटायला लागली होती. खालचे सूर तर निघेनातच. त्याने क्लॅरिनेट उजेडात धरली. वरच्या तुकड्यावर, टोकापासून खाली, दोन बारीक भोकांना कापत एक केसाएवढी रेघ गेली होती.

त्याची बायको जेवायला वर आली तेव्हा तो तसाच बसलेला.

"काय झालं? कोणाचं काही वाईट कळलं का?"

त्याने मान हलवली आणि क्लॅरिनेट तिच्या हातात दिली. तिने ती उजेडाकडे फिरवून फिरवून बघितली.

"मला तर दिसतही नाही नीट."

"ऐकू येते."

"मग आता?"

"बाईंनी जन्मभर सांभाळली. माझ्याकडे आली आणि चिरली."

"अहो, म्हणजे म्हातारी झाली होती," ती म्हणाली. "म्हाताऱ्यांची हाडं मोडतात. ती ज्याच्या घरी मोडतील त्याची काय चूक? जाऊन सांगा सरळ. आणि आधी जेवा, उपाशी माणसाला शब्द सापडत नाहीत."

जेवला, पण गेला नाही. एक दिवस गेला, दोन गेले. बाई नेहमीसारख्या बसमध्ये चढायच्या, मागे बसायच्या, आणि याची आरशात बघायची छाती व्हायची नाही. त्या आठवड्यात त्याने चक्क हॉर्न वाजवला. कंडक्टर दचकून पुढे आला, "काय रे, बरं वाटत नाहीये का?" शेवटी आठवड्याच्या अखेरीस, ड्युटी संपल्यावर, गणवेश न बदलताच तो पेटी घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला. बायकोने जिन्यापर्यंत सोबत केली आणि म्हणाली, "मी खाली थांबते. हाका मारायची वेळ आली तर मारा."

बाईंची खोली लहान होती. एक पलंग, एक टेबल, स्वरलिपीचे गठ्ठे, आणि शेगडी अगदी दूरच्या कोपऱ्यात. एवढी दूर की बाई स्वतः कायम शाल पांघरूनच बसायच्या. त्याने पेटी टेबलावर ठेवली आणि उघडली. बाईंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि वरचा तुकडा हातात घेतला. थरथरतं बोट लाकडावरून फिरत गेलं. रेघ सापडली तिथे ते थांबलं आणि मग रेघेवरूनच सावकाश खाली उतरलं.

"इथून निघाली," त्या म्हणाल्या, "आणि इथे संपली."

"सगळं पाळलं होतं, बाई. जसं सांगितलंत तसंच."

"माहीत आहे मला." बोट रेघेवरच ठेवून त्या म्हणाल्या, "पडली एकदाची. किती वर्षं वाट बघत होते मी या चिरेची."

त्याला कळेना, त्या रडतायत की हसतायत. दोन्ही चाललं होतं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांना एक धाकटा भाऊ होता. तरुणपणी तो कामासाठी परदेशी निघाला. बाई त्याला सोडायला स्टेशनवर गेल्या होत्या, तालमीवरून सरळ गेल्यामुळे पेटी हातातच होती. असाच कडाक्याचा हिवाळा. भाऊ डब्याच्या दारातून म्हणाला, "ताई, एकदा वाजव ना. ते आपलं नेहमीचं." बाईंनी सांगितलं, इथे नको, लाकूड चिरेल, परत आलास की हवं तेवढं वाजवीन. भाऊ हसला. गाडी गेली. तिकडेच दोन वर्षांनी तो तापाने गेला.

"लाकूड मात्र नाही चिरलं," बाई म्हणाल्या. "बागेत कार्यक्रम असला की मी जायची नाही. मैत्रिणीच्या मुलाचं लग्न अंगणात होतं, तिथे मी नुसती पेटी मांडीवर घेऊन बसले. जिथे वाजवायला हवं होतं तिथे वाजवलं नाही, आणि का, तर ही चिरेल म्हणून. मी हिला सांभाळत होते की ही मला दाव्याला बांधून ठेवत होती, देव जाणे."

त्यांनी तुकडा पेटीत ठेवला.

"दुरुस्त करून घ्या. आणि मग हिला बाहेर न्या. पावसात नको, बाकी कुठेही."

दुरुस्तीवाल्याचं दुकान एका गल्लीच्या टोकाला होतं. डोळ्याला कायम भिंग लावलेलं, म्हणून त्याला भिंगवाला म्हणायचे. दुकानात निम्मी गिऱ्हाइकं तोंड पाडून बसलेली असायची आणि हा एकटा खुशीत. त्याने चीर बघितली, वरचं भोक तळहाताने बंद करून आतली हवा ओढून बघितली, कानाशी धरली.

"कोणाची चूक?" ड्रायव्हरने विचारलं.

"हिवाळ्याची. नाहीतर झाडाची. त्याला विचारलं होतं का कोणी, तुला क्लॅरिनेट व्हायचंय का म्हणून?" भिंगवाला म्हणाला. "घाबरू नका. बरीच वर्षं लाकूड अंग चोरून बसलं होतं, आता मोकळं झालं. चीर मी भरून देतो. पण एक सांगतो, पुन्हा उघडेल. उघडली की या. हे दुखणं बरं होणारं नाही, पण याने कोणी मरतही नाही. शंभर-शंभर वर्षांची वाद्यं चिरांसकट वाजतायत."

त्याने चीर साफ केली, त्याच लाकडाचा भुगा आणि पातळ डिंक तिच्यात मुरवला, आणि ती पुढे फाकू नये म्हणून लाकडातून आडव्या बारीक पोलादी सळया घातल्या. वर घासून काळा रंग दिला. उजेडात धरलं तर सळयांच्या जागी ठिपके दिसायचे, कपड्याला टाके घातल्यासारखे. इस्त्रीवालीने बघितलं आणि पसंतीची मान हलवली. "रफू चांगलं केलंय."

क्लॅरिनेट घेऊन तो थेट बाईंकडे गेला. बाहेर अजून थंडी होतीच. त्याने विचारलं, "बाई, स्टेशनवर जायचं का?"

"वेडबिड लागलंय का तुम्हाला?" बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने उठल्या आणि शालीवर कोट चढवायला लागल्या.

ते बसनेच गेले. गाडी दुसरा कोणी चालवत होता. ड्रायव्हर पहिल्यांदाच बाईंच्या शेजारी बसला होता आणि त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं, म्हणून त्याने ते पेटीवर ठेवले. प्लॅटफॉर्मवर नेहमीची वर्दळ होती. सामान ओढणारे, झोपाळलेली मुलं, चहाच्या वाफा. बाईंनी एक जागा दाखवली, घड्याळाखालची. त्याने क्लॅरिनेट जोडून स्वेटरच्या आत छातीशी धरली, ती कोमट होईपर्यंत उभा राहिला. बाईंनी भावाची ती चाल हलक्या आवाजात गुणगुणून दाखवली. साधीच होती, लहान मुलांना चालवताना म्हणतात तसली. मग त्याने वाजवायला सुरुवात केली.

फार छान वाजवलं असं नाही. बोटं गारठली होती, एकदा बदकही ओरडलं. पण छपराखाली आवाज असा भरून राहिला की बंद खोलीत या वाद्यातून तसा कधी निघालाच नव्हता. एक हमाल गाडा थांबवून उभा राहिला. कडेवरचं एक पोर रडायचं विसरलं. तेवढ्यात समोरची गाडी सुटली. तो वाजवत राहिला. बाई दोन पावलं पुढे झाल्या, त्यांनी थरथरता हात वर केला आणि जाणाऱ्या गाडीला निरोप दिला. एका खिडकीतल्या अनोळखी माणसानेही हात हलवला.

परतताना बाई एवढंच म्हणाल्या, "बाहेर हिचा आवाज असा आहे होय."

त्यानंतर त्याने ती क्लॅरिनेट कुठे कुठे नेली. डेपोत, दवाखान्याच्या मागच्या पटांगणात, बायकोच्या दुकानासमोरच्या पायरीवर. निगा त्याने सोडली नाही. ऊब देणं, पुसणं, संत्र्याची साल, सगळं होतं. पण भीती गेली होती. बागेतल्या कार्यक्रमाला बाई आता पहिल्या रांगेत बसायच्या, आणि बसमध्ये म्हणायच्या, "ड्रायव्हर, ती खिडकी उघडा जरा. कोंदट होतंय."

पुढच्या हिवाळ्यात भिंगवाल्याचे शब्द खरे झाले. ऐन कार्यक्रमात चीर उघडली, भोकात श्वासाच्या वाफेचं पाणी भरलं आणि क्लॅरिनेट गुळण्या केल्यासारखी वाजायला लागली. त्याचा चेहरा उतरला. शेजारच्या दातांच्या डॉक्टरने आपले सूर न सोडता त्याच्याकडे तिरकं बघितलं, आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळात खिशातून मेणाचा गोळा काढला.

"द्या इकडे. फटी बुजवणं हा माझा धंदाच आहे." तिने अंगठ्याने चिरेवर मेण दाबलं. "माझ्या क्लॅरिनेटला दोन आहेत. पुढच्या रांगेतल्या त्या काकांच्या वाद्यावर तर नदीचा नकाशा आहे. तुम्हाला काय वाटलं, तुम्ही एकटेच?"

तेव्हापासून गणवेशाच्या खिशात एक मेणाचा गोळा असायचा. उन्हाळ्यात तो वितळून तिकिटांना चिकटायचा आणि कंडक्टर शिव्या घालायचा.

बाई आणखी काही वर्षं होत्या. शेवटी शेवटी त्यांना जिना उतरवेना, तेव्हा हा ड्युटी संपवून त्यांच्याकडे जायचा, आणि त्या सांगायच्या, "आत नको. गॅलरीत जाऊन वाजवा, मी इथून ऐकते." त्या गेल्या तेव्हाही थंडीच होती. लोक बाहेर जमले होते, आणि त्याने कोणी सांगायची वाट न बघता पेटी उघडली.

आता तो निवृत्त झालाय. बायकोच्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालतो, आणि तिच्या गाण्याला अधूनमधून सूर देतो. क्लॅरिनेटची चीर बऱ्याच वेळा उघडली, भरली, शेजारी एक नवीही पडली. दर हिवाळ्यात भिंगवाल्याकडे एक फेरी ठरलेली. जाताना तो बरोबर काहीतरी खायला घेऊन जातो, कारण तिथे बसायला लागतं आणि बसलेल्या लोकांना धीर लागतो.

मागच्या हिवाळ्यात तो गेला तेव्हा बाकावर एक अनोळखी बाई मांडीवर पेटी घेऊन बसली होती. डोळे लाल. ओबो होता तिचा, क्लॅरिनेटसारखंच लाकडी वाद्य, आजोबांपासून आलेला, सकाळीच चिरलेला. हा शेजारी बसला.

"कुठून कुठपर्यंत गेलीय?" त्याने विचारलं.

तिने बोटाने दाखवलं. त्याने स्वतःची क्लॅरिनेट काढून तिच्या हातात दिली. तिने ते ठिपके बघितले, भरलेल्या रेघा बघितल्या.

"याने आवाज बदलतो का हो?"

त्याने क्लॅरिनेट परत घेऊन मांडीवर ठेवली. "मी आधीचा आवाज थोडाच काळ ऐकला. ज्या बाईंची ही होती त्यांनी तो जन्मभर ऐकला. त्या म्हणायच्या, आताचा बरा."

"खरंच बरा होता?"

"ते काही मला सांगता यायचं नाही," तो म्हणाला, आणि खाऊची पुडी उघडून तिच्यापुढे धरली. "पण त्यांना तो मोकळ्या हवेत ऐकायला मिळाला. आणि मला वाजवायला मिळाला. घ्या, आधी काहीतरी खाऊन घ्या."